फुकटचे दोन

मॅच जिंकली रविवारी, आणि गुरुवारी संध्याकाळी मी आमच्या बिल्डिंगच्या गेटवर उभी राहून सगळ्या कट्ट्याशी एकटीने भांडले. भांडल्याची मला लाज वाटत नाही. ज्याची वाटते ते ओघात येईलच. पण आधी राग सांगते, कारण आधी आला होता तो रागच.

माझी मुलगी एसवायला आहे आणि कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधून खेळते. आमचं कॉलेज मीरा रोडचं. ज्यांना आम्ही हरवलं ते भाईंदर वेस्टचं. मध्ये एका स्टेशनाचं अंतर, पण ती मंडळी आमच्याकडे अशी बघतात, जणू आम्ही कुठून तरी लांबून डबा बांधून खेळायला आलोय. तीन वर्षं ओळीने त्यांनी आमच्या पोरींना धुतलं होतं. गेल्या वर्षी तर जिंकल्यावर त्यांनी आमच्याच कोर्टावर, आमच्याच बाकांवर बसून, आमच्याच कॅन्टीनचे समोसे खात फोटो काढले होते. माझ्या मुलीने तो फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवला होता. राग आटू नये म्हणून.

आता आमचे फॅन. शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी सिमेंटचा एक कट्टा आहे. संध्याकाळी फेऱ्या मारून दमलेली माणसं तिथे बसतात आणि जगातल्या सगळ्या गोष्टींचा निकाल लावून मग वर जेवायला जातात. त्यातले मुख्य म्हणजे काका. मूळचे रत्नागिरीचे, बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि गेली सहा वर्षं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन, मांडीवर खाकऱ्याचा डबा घेऊन. बाकीचे येऊनजाऊन. ही सगळी मंडळी या वर्षी अचानक बास्केटबॉलची फॅन झाली, कारण मुलीचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर आला आणि ती एका रात्रीत 'आपली पोरगी' झाली.

आपली पोरगी! ती अकरावीत असताना तिच्या वडिलांनी पार्किंगच्या भिंतीवर एक रिंग ठोकून दिली होती. आठवडा झाला नाही तोच लिफ्टजवळ नोटीस लागली, 'बॉलच्या आवाजामुळे सभासदांना त्रास होत आहे.' खाली काकांची सही. रिंग काढली. स्क्रूची दोन भोकं अजून त्या भिंतीवर आहेत, गाडी लावताना रोज दिसतात. मग पोरगी घरातच मोज्यांचा गोळा करून फ्रिजवर ठेवलेल्या बादलीत टाकायला लागली. हॉलमध्ये फरशीवर तिने चिकटपट्टीची एक रेघ मारली होती. येणारे पाहुणे विचारायचे, ही कसली रेघ. मी सांगायची, अभ्यास आहे तिचा.

ती रेघ फ्री थ्रोची. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही बॉल टाकायला जाता आणि समोरची मुलगी नियम मोडून तुमच्या हातावर मारते किंवा अंगावर येते. पंच शिट्टी वाजवतात. मग तुम्हाला रिंगपासून लांब आखलेल्या एका रेषेमागे उभं करतात आणि तुम्ही दोनदा बॉल टाकायचा. कोणी अडवायचं नाही. प्रत्येक बॉलला एक पॉइंट. ऐकायला सोपं वाटतं. आदल्याच क्षणी कोणी तरी तुम्हाला पाडलेलं असतं, छाती भात्यासारखी वरखाली होत असते, सगळं ग्राउंड तुमच्या मनगटाकडे बघत असतं आणि हातात जेमतेम पाच सेकंद. प्रॅक्टिस संपली की बाकीच्या पोरी निघून जायच्या आणि माझी मुलगी मागे राहून पन्नास फ्री थ्रो मारायची. पन्नासातले चाळीस गेल्याशिवाय कोर्ट सोडायचं नाही, हा तिचा स्वतःचा नियम. एकदा छत्तीसच गेले म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि लेक्चर बुडालं. हे सगळं मला माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

रविवारची मॅच आमच्या कॉलेजच्या कोर्टावर होती. सकाळी नऊला आमचा अख्खा कट्टा हजर. बेननी थेपले आणले होते. काका टोपी घालून माझ्या शेजारी बसले, आणि त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नसल्यामुळे मी अर्धी मॅच पाहिली आणि अर्धी मॅच सांगितली. "वहिनी, ही चालता चालता थांबली का?" "वहिनी, याला तीन पॉइंट आणि त्याला दोनच का?" मी सांगत होते. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच काका मला काहीतरी विचारत होते आणि मी त्यांना शिकवत होते.

शेवटची आठ सेकंदं राहिली तेव्हा आम्ही एका पॉइंटने मागे होतो. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. माझ्या मुलीने बॉल घेतला आणि दोघींच्या मधून सरळ आत घुसली. भाईंदरची ती उंच पोरगी तिच्या हातावर आणि खांद्यावर अशी आदळली की माझी मुलगी रिंगखाली पाठीवर पडली. शिट्टी वाजली. बेन "हाय हाय" करत उठून उभ्या राहिल्या. मुलगी उठली, हात झटकले आणि रेषेमागे जाऊन उभी राहिली. पहिला बॉल रिंगवर आपटला, वर उडाला, कडेवरून फिरला आणि कसाबसा आत पडला. दुसरा सरळ गेला. एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. त्यांनी घाईघाईत लांबून बॉल फेकला, तो कुठेच लागला नाही, आणि तीन वर्षांनी आम्ही जिंकलो.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर नुसती जत्रा. कोण कसं धावलं, कोणी कोणाला चकवलं, पंच कोणाकडून होते. सकाळी ज्यांना नियम माहीत नव्हते ते संध्याकाळी डावपेच सांगत होते. मी पिशवीभर भाजी घेऊन तिथेच उभी राहिले होते. आणि मग काका पाय हलवत म्हणाले, "आपल्या पोरी खेळल्या झकास, वाद नाही. पण खरं बोलायचं तर मॅच गेली होती हातातून. ते शेवटचे फुकटचे दोन मिळाले म्हणून वाचलो."

"हा ना," कोणी तरी म्हणालं. "नशीब पण लागतं."

मला खटकलं. पण आनंदाचा दिवस होता, म्हणून मी नुसतं हसून वर गेले.

सोमवारी सकाळी दुधाच्या बूथवर गेले तर तो भय्या पिशव्या देता देता म्हणाला, "क्या मॅडम, सुना बेटी फोकट के पॉइंट में जिता दी!" बिचारा कौतुकच करत होता. मंगळवारी लिफ्टमध्ये बेन भेटल्या. मी तोंड पाडून होते म्हणून त्यांनी माझी समजूत काढली, "अरे बेन, मफत का हो या मेहनत का, पॉइंट तो पॉइंट है ना!" फुकट, फोकट, मफत. दोन दिवसांत त्या शब्दाने तीन भाषा केल्या होत्या. पुढे तो भाईंदरलाही पोचला. त्यांच्या पोरींनी स्टेटस ठेवलं, 'फ्री का माल, मीरा रोड का कमाल.' बुधवारी आमच्याच बिल्डिंगमधल्या बारक्या पोरांनी जिन्यात मुलीला हाक मारली, "ए फुकट दीदी!"

मला या शब्दाची जुनी चीड आहे. लालबागची खोली सोडून आम्ही इथे राहायला आलो तेव्हा नात्यातले सगळे हेच म्हणाले होते, "मीरा रोडला ना? तिकडे काय, फुकटातच मिळतात जागा." बारा वर्षं आम्ही दोघांनी राबून हप्ते भरले, आणि लोकांच्या लेखी जागा फुकटात. तेव्हा मी गिळून घेतलं होतं. आता माझ्या मुलीचं तेच चाललं होतं.

गुरुवारी दुपारी तिच्या कोच सरांचा फोन आला. "मॅडम, घरी काही झालंय का?" मी म्हटलं, नाही, का? "ती आत घुसतच नाहीये हो. रिंगजवळ जाते, कोणी अंगावर आलं की बॉल दुसरीला देऊन मोकळी होते. आत घुसणं हाच तर तिचा गेम आहे. अशीच खेळली तर येत्या रविवारच्या मॅचला मला तिला बाहेर बसवायला लागेल."

ती घरी आल्यावर मी विचारलं. ती बुटांच्या नाड्या सोडत होती, वर न बघता म्हणाली, "आत गेलं की फाउल होतो. फाउल झाला की फ्री थ्रो मिळतो. मग परत सगळे तेच बोलणार. नको ना, आई. मी बाहेरूनच मारीन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पोरीने मोज्यांच्या गोळ्यांवर दिवस काढले, ती आता मार चुकवत नव्हती, मार खाऊन मिळणारा पॉइंट चुकवत होती. आणि का? तर कट्ट्यावरच्या चार माणसांना संध्याकाळी बोलायला विषय हवा म्हणून! मी गॅस बंद केला, पायात सापडली ती चप्पल घातली आणि खाली गेले.

कट्टा भरलेला होता. मी सुरुवातच केली, "काका, माझ्या मुलीने काय फुकट घेतलंय ते मला सांगा."

काका गडबडले. "काय झालं, वहिनी?"

"फुकटचे दोन, फुकटचे दोन! चार दिवस झाले, तेच ऐकतेय. ती पडली तेव्हा तुमची पाठ टेकली होती का जमिनीला? रोज पन्नास बॉल टाकते ती. तुमच्यातल्या एकाने तरी एक टाकून दाखवा. आणि ज्या रिंगवर ती शिकली असती ती तुम्ही नोटीस लावून काढायला लावलीत. तिच्या खेळाचा आवाज तुम्हाला नको होता, जिंकली की आपली पोरगी, आणि आपली म्हटल्यावर लगेच फुकटची?"

समोरच्या सलूनमधला माणूस वस्तरा घेऊन दारात येऊन उभा राहिला. मी थांबायला तयार नव्हते. "हा शब्द काढला कोणी? त्याचं नाव सांगा मला. आत्ता सांगा."

काका हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. शब्द तुमचाच आहे."

"माझा?"

"मी तुम्हाला विचारलं, हे सगळे बाजूला का उभे राहिले, हिला कोणी अडवत का नाही? तर तुम्ही म्हणालात, फ्री थ्रो, काका. फ्री म्हणजे फुकटचा बॉल. मला काय माहीत? तुम्ही सांगितलंत तेच मी सगळ्यांना सांगितलं."

मी बेनकडे बघितलं. त्यांनी खाकऱ्याचा डबा बंद केला. "आप ही बोली थी, बेन. मैं पीछे ही बैठी थी. जोर से बोली थी."

मला आठवलं. एका झटक्यात सगळं आठवलं. काकांची टोपी, माझा चढलेला आवाज, आणि फ्री या शब्दाला मराठीत काय म्हणायचं याचा मी एक सेकंदही न केलेला विचार. भाजीवाल्याकडे रोज ज्या तोंडाने मी फुकटची मिरची-कोथिंबीर मागते, त्याच तोंडातून तो शब्द आला होता. आणखीही काहीतरी बोलले होते, पण ते तेव्हा आठवेना. मी वळले. लिफ्टसाठी थांबायची हिंमत नव्हती, म्हणून चार मजले चढून गेले.

मुलगी दारातच उभी होती. गेटवरचं भांडण खिडकीतून ऐकू येतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"तो शब्द माझा होता ते."

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "आई, फ्री थ्रोच्या वेळी सगळे गप्प होतात. आणि तुझा आवाज तर तुला माहितीये."

"काय ऐकलंस तू?"

"'फुकटचा बॉल आहे, काका, हा कोणी पण घालेल.'"

हेच ते, जे मला आठवत नव्हतं. मी खुर्चीवर बसले. "म्हणून पहिला बॉल..."

"रिंगवर गेला. मॅचमध्ये माझा कधी जात नाही." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, नुसतं सांगत होती.

"मग मला बोलली का नाहीस? चार दिवस मी सगळ्या जगाला शिव्या देतेय!"

"तू किती खूश होतीस त्या दिवशी. आणि मला वाटलं, बाकीच्यांना माहीत नाही म्हणून ते बोलतात. पण तुला तर सगळं माहितीये. तू पण असं म्हणालीस, म्हणजे असेल तसंच."

मी तिच्या जागी असते तर आईशी महिनाभर बोलले नसते. मला स्वतःचा इतका राग आला की कट्ट्यावरचा राग त्यापुढे काहीच नव्हता. लालबागचे नातेवाईक, दूधवाला, भाईंदरच्या पोरी, कोणालाही त्या रेघेबद्दल माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ती रेघ काढून टाकायला मीच तर दर दिवाळीला नकार दिला होता. आणि काकांसमोर दोन मिनिटं शहाणं दिसावं म्हणून मी तिच्या पन्नास-पन्नास बॉलांवर पाणी ओतलं.

"मी चुकले," मी म्हटलं. "तो बॉल कोणी पण घालू शकत नाही. मी मूर्खासारखं बोलले."

"ठीक आहे," ती म्हणाली. पण ठीक नव्हतं, ते दोघींनाही कळत होतं.

शुक्रवारी सकाळी मी तिच्याबरोबर कॉलेजच्या कोर्टावर गेले. ऑफिसला उशीर होणार हे कळवून टाकलं. त्या रेषेमागे उभी राहिले आणि दहा बॉल टाकले. सात रिंगपर्यंत पोचलेच नाहीत. दोन बोर्डावर आपटून परत माझ्याच अंगावर आले. एक रिंगच्या खालच्या जाळीला बाहेरून लागला, त्याचा मला उगीच आनंद झाला. माझा खांदा दुखायला लागला. मुलगी बॉल गोळा करून मला देत होती आणि हसू दाबत होती. पाच दिवसांनी तिचा चेहरा तसा दिसला. "आई, पुरे," ती म्हणाली, "पडशील."

संध्याकाळी मी कट्ट्यावर गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "शब्द माझाच होता. मी परत घेते."

काका म्हणाले, "वहिनी, आता परत कसा घेणार? तो दुधाच्या बूथपर्यंत पोचलाय."

"मग तिथे जाऊन मी सांगेन. तुम्ही भाईंदरला सांगा." काही जण हसले. मी नाही हसले. "आणि काका, शब्द माझा होता, पण रिंग मी काढली नव्हती."

काका टोपी हातात फिरवत बसले. रिंग परत लावू असं ते म्हणाले नाहीत, आणि मी ते विसरलेले नाही.

रविवारी सर मुलीला खेळवतील की बसवतील हे सकाळपर्यंत माहीत नव्हतं. खेळवलं. पहिला अर्धा वेळ ती बाहेरूनच मारत राहिली, आणि सर दोनदा तिची जागा घेणाऱ्या पोरीकडे वळून बघताना मला दिसले. मी ओरडून काही सांगू शकत नव्हते. मला आता ओरडायचा अधिकार राहिला नव्हता. मग दुसऱ्या अर्ध्यात केव्हातरी तिने बॉल घेतला, मान खाली घातली आणि आत घुसली. समोरच्या दोघी तिच्यावर कोसळल्या. ती कोपरावर पडली आणि घसरत गेली. शिट्टी.

माझ्या पुढच्या रांगेत दुसऱ्या टीमच्या मुलीची आई बसली होती. ती मागे वळून मला म्हणाली, "ये क्या, फ्री में मिल गया उसको?"

बेननी माझा हात धरला. काका माझ्याकडे बघत होते.

"फ्री में नहीं," मी म्हटलं. "मार खाया है उसने."

मुलगी कोपर पुसत रेषेमागे येऊन उभी राहिली. ग्राउंड शांत झालं. पंचांनी बॉल तिच्या हातात दिला, आणि तिने समोर न बघता आधी स्टँडकडे पाहिलं, नेमकं माझ्याकडे. पाचातली दोन सेकंदं तिने तिथेच घालवली. मी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले.

तिने मान वळवली. बॉल रिंगला न शिवता आत गेला.